तीनदा बंद पडली तर परत

वसईजवळच्या निर्मळहून कन्याकुमारीला आपल्या टेंपोने जायचं, असं ह्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी अळूची देठं सोलत होते. मी मान वर केली नाही. म्हटलं, बोलतायत तर बोलू दे. काम सुटलं की माणूस काहीतरी बोलतोच.

पण ह्यांचं तसं नव्हतं. चाळीस वर्षं ह्यांनी आमच्या आणि आजूबाजूच्या वाड्यांतली केळी, फुलं, भाजी टेंपोत भरून दादरला नेली. पहाटे निघायचं, दुपारी जेवायला घरात. चाळीस वर्षं गाडी चालवली, पण रस्ता तोच. एकदा मला म्हणाले, "एवढ्या डिझेलमध्ये देश बघून झाला असता. मी काय बघितलं? दादरचा पूल." तेव्हाच बहुतेक त्यांच्या मनात बसलं असणार, की जिथे जमीन संपते आणि पुढे रस्ताच उरत नाही, तिथपर्यंत एकदा गाडी न्यायची. मी म्हटलं, समुद्रच बघायचा तर अर्नाळा काय वाईट आहे, स्कूटरवर जाऊन येऊ. तर म्हणाले, "अर्नाळ्याला रस्ता संपत नाही, वळतो."

मग वर्षभर अंगणात तेच चाललं. टेंपोला आतून प्लायवूड लावलं. दोघांना पाय ताणून झोपता येईल असा पलंग, त्याच्याखाली माझे डाळ-तांदळाचे डबे. एक शेगडी, एक पाण्याची टाकी, पंखा, दोन दिवे आणि गुडघ्याएवढा फ्रीज. आरटीओत हेलपाटे घालून नव्याने पासिंग करून घेतलं. टपावर मागच्या बाजूला सामानाचा कॅरियर आणि पुढे दोन सोलरचे पॅनेल, काळ्या काचेचे. दिवा, पंखा, फ्रीज सगळं त्या पॅनेलवर भरणाऱ्या बॅटरीवर चालणार.

वायरिंग ह्यांनी आणि ह्यांच्या दोस्ताने मिळून केलं. हे दोस्त म्हणजे शेजारच्या गावचे, ख्रिस्ती, जन्मभर बसच्या डेपोत वायरमन होते. मी त्यांना भाऊ म्हणते. रविवारची मिस्सा संपली की देवळातल्या इस्त्रीच्या शर्टातच थेट आमच्याकडे, खिशात टेस्टर. दोघांची लाल वायर आणि काळी वायर ह्यावरून एवढी भांडणं व्हायची की मी चहा ठेवून लांब जायची. पण काम त्यांनी नीट केलं. अर्नाळ्याला किनाऱ्याजवळ दोन दिवस गाडी उभी करून राहून बघितलं, तर फ्रीजमध्ये बर्फ धरला. भाऊ म्हणाले, "वहिनी, ह्यात बिघाड निघाला तर माझी मिशी काढीन." त्यांना मिशी आहे, म्हणून सांगते.

मुलगा मात्र कबूल होईना. तो विरारला राहतो, नोकरी करतो, समजूतदार आहे, पण काळजीखोर. "पप्पा, तुमचा गुडघा बघा, गाडीचं वय बघा. भर रस्त्यात बंद पडली तर आईला घेऊन कुठे जाणार?" हे म्हणाले, "बंद पडली तर दुरुस्त करीन." असं दोन-तीन आठवडे चाललं. शेवटी बापलेकांनी करार केला. रस्त्यात तीनदा गाडी बंद पडली, तर जिथे असू तिथून परत फिरायचं आणि गाडी विकायची. विरारला एकाला ती चायनीजचा गाळा करायला हवीच होती. ह्यांनी शब्द दिला. आणि ह्यांचा शब्द म्हणजे पुढे काही बोलायची सोय नाही, हे मी लग्नापासून बघतेय.

आता माझं सांगते. निघायच्या आठवड्यात आमच्या वाडीत राजेळीचा एक घड तयार झाला. राजेळी केळं म्हणजे लांब, जाड, ह्याचीच आम्ही वसईकर सुकेळी करतो. केळी पूर्ण पिकवायची, सोलायची आणि पाच-सहा दिवस कडक उन्हात वाळवायची. मधासारखा रंग आला की केळीच्याच सुक्या सोपात, म्हणजे खोडाच्या सालात, बांधून ठेवायची. रोज सकाळी पसरायची आणि दंव पडायच्या आत उचलायची. थंडीचे दिवस सुकेळ्यांना सोन्यासारखे असतात. घड असा टाकून जायचा म्हणजे माझ्याने होईना. म्हटलं, गाडीत घेऊ, पिकतील तशी वाटेत वाळवू. ह्यांनी कॅरियरवर मला एक चटई बांधून दिली. "ही तुझी जागा," म्हणाले.

निघालो. कशेडीच्या घाटात फॅनबेल्ट तुटला. हे खाली उतरले, सीटखालून जुन्या कापडात बांधलेला जादा बेल्ट काढला आणि माझा भात शिजायच्या आत बसवून मोकळे. हात काळे, तोंडावर हसू. मुलाचा फोन आला तर मीच बोलून गेले, की बेल्ट तुटलेला.

"एक झाली," मुलगा म्हणाला.

"ते बंद पडणं नाही, तुटणं आहे," हे मागून म्हणाले.

"गाडी उभी राहिली ना पप्पा? मग एक."

हे धरून बसले नाहीत. बेल्टच्या जोरावर एवढे खूश होते की एक देऊन टाकली.

गुहागरच्या बाजूला समुद्राजवळ ओळखीतल्या एकाचं सुरूचं बन होतं, तिथे तीन दिवस राहायचं ठरवलं. तोपर्यंत केळी पिकली होती. मी सोलली आणि कॅरियरवर पसरली. पण तिथे ती वाळेनात. चटईखालून वारा, केळी गडगडायची, सुरूची सावली फिरत यायची. आणि पुढ्यात ते दोन पॅनेल. स्वच्छ काच, जरा उतरती, हात ठेवला तर तव्यासारखी तापलेली. मी बघितलं आणि वाटलं, ही तर सुकेळ्यांसाठीच केलीय. एका जुन्या पातळाचा धुवट तुकडा काचेवर अंथरला, त्यावर केळी ओळीने मांडली, कावळ्यांसाठी वरून मच्छरदाणी. चार कोपऱ्यांना चार दगड.

माझ्या डोक्यात काय होतं तेही सांगते. हे मला म्हणालेले, पॅनेल ऊन खाऊन वीज करतं. मला वाटलं, काच तापते, त्या तापण्याने वीज होते. मग केळ्यांनी थोडं ऊन घेतलं तर काय कमी पडणार होतं? एका चुलीवर भात होतो आणि बाजूला पापड भाजतो, तसं. ह्यांना सांगायचं सुचलंच नाही. ते गुडघ्यामुळे शिडी चढत नाहीत, वरचा कारभार माझ्याकडे. मी लहानपणापासून झाडावर चढून चिकू काढलेली, मला शिडीचं काय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा पिवळा पडला, पंखा रेंगाळला आणि फ्रीज गप्प झाला. दूध नासलं. ह्यांनी मीटर बघितला. पॅनेलकडून किती वीज येते ते दाखवणारा छोटा मीटर आहे, हिरव्या आकड्यांचा. दिवसभरातले त्याचे आकडे आठवून ह्यांचं डोकं चालेना. "सकाळी येतं, दुपारी जातं. दुपारी तर जास्त यायला पाहिजे. हे उलटं कसं?"

सकाळी गावातला एक वायरमन आला. एवढ्या सकाळी मी केळी पसरलेली नव्हती. त्याने वर जाऊन काचा पुसल्या, खाली येऊन तपासलं, एक फ्यूज बदलला आणि म्हणाला, सगळं ठीक आहे. आम्ही त्याच दिवशी पुढे निघालो. गाडी चालत असताना केळी अर्थात आत, सुपात. संध्याकाळपर्यंत बॅटरी भरली. ह्यांनी मुलाला स्वतःहून फोन करून सांगितलं, "दोन झाल्या." मी म्हटलं, कशाला सांगितलंत, दिवा गेला म्हणजे काय गाडी बंद पडली? तर म्हणाले, "ते आपलं घर आहे ना? घर बंद पडलं."

पुढचे दिवस बरे गेले. देवगड, वेंगुर्ले, गोवा, असं रमतगमत आम्ही कारवारला पोचलो. शहराबाहेर एका नारळीच्या बागेत मालकाने गाडी लावू दिली. बाग बघून मला घरचंच वाटलं. फक्त पाटाचं पाणी आमच्याकडे झाडाच्या जवळून जातं आणि त्यांच्याकडे जरा लांबून. मी मालकाशी त्यावर बोलले, त्याला किती कळलं देव जाणे. उरलेली केळी आता पिकली होती. मी जागेवरची सावली बघितली, गाडी थोडी पुढे घ्यायला लावली, म्हणजे टपावर दिवसभर ऊन मिळेल. ह्यांना वाटलं मी पॅनेलसाठी म्हणतेय. "आता तुला कळायला लागलं," म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. फ्रीजमधल्या बांगड्यांना वास आला.

ह्या वेळी हे घाबरले. पलंगावरची गादी उभी करून त्यांनी खालच्या सगळ्या वायरी उघड्या केल्या, एकेक जोड सोडवून परत बांधला. भाऊंना फोन लावला. फोनच्या कॅमेऱ्यातून भाऊ वसईत बसून बघत होते.

"ती लाल हलव. जोरात हलव."

"हलवली."

"मग जोड चांगला आहे. तू काहीतरी वेडंवाकडं केलंस."

"मी? फ्रीजची लाईन कोणी ओढली होती?"

"दोस्ता, माझी लाईन आपण मेल्यावर पण चालू राहील. तुझी बघ."

एरवी हे उलट बोलले असते. त्या दिवशी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मला ते आवडलं नाही.

बागेच्या मालकाने दुपारी एक जुनाजाणता वायरमन बोलावला. त्याची स्कूटर फाटकाशी वाजली तशी मी शिडीवर. परक्या माणसाचे हात सुकेळ्यांना लागू नयेत, धूळ उडू नये, म्हणून सगळी केळी भरभर सुपात घेतली, पातळ झटकून त्याची घडी केली, दगड बाजूला. वायरमन वर गेला तर काचा लख्ख. त्याने मोजलं, खाली आला.

"पॅनेलातून करंट फुल येता," तो कारवारी मराठीत म्हणाला. "वायरिंग पण बरी केलीय. कोणी केली?"

"मी आणि एकाने," हे म्हणाले.

"मग बॅटरी गेली असणार. आत ठेवत नाही ती. ह्या मापाची इथे नाय मिळणार, आठ दिवस लागतील."

तो गेल्यावर हे बराच वेळ पायरीवर बसले. मग मुलाला फोन केला. मी पाण्याची बादली भरत होते, मला सगळं ऐकू आलं.

"तीन झाल्या. परवा निघतो आम्ही."

मुलाचा आवाज मऊ झाला. "पप्पा, बरं झालं. कारवारपर्यंत गेलात, ते काय कमी आहे? मी त्या विरारवाल्याला सांगू ना?"

"सांग."

मग त्यांनी आपली हत्यारं काढली. पाने, पक्कड, टेस्टर, एकेक फडक्याने पुसून पेटीत रचलं. घाईने नाही. दादरच्या शेवटच्या खेपेनंतर ताडपत्री अशीच घडी करून ठेवली होती. मी म्हटलं, "अहो, बॅटरी गेली तर तुमच्या हातांचा काय दोष?" तर म्हणाले, "चाळीस वर्षं बेल्ट बदलले म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटलं मला. हे आपलं काम नव्हतं गं." मी चहा केला, तो त्यांनी प्याला नाही.

दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्यायची आणि तिसऱ्या दिवशी निघायचं असं ठरलं होतं. सकाळी नऊ वाजता ऊन वर आलं तशी मी सूप घेऊन शिडी चढले. सुकेळ्यांना अजून दोन उन्हं हवी होती, बिघाड असो नाहीतर नसो. हे खाली मीटरजवळ बसले होते. ह्यांना सवयच लागली होती, येताजाता आकडा बघायची.

"अगं, बघ," खालून आवाज आला. "आज किती छान येतंय. बॅटरी गेली म्हणतो तर हे बघ."

मी पहिल्या काचेवर पातळ अंथरलं.

"उतरला. अर्ध्यावर आला."

मी दुसऱ्या काचेवर पातळाचं दुसरं टोक ओढलं आणि केळ्यांची पहिली ओळ लावली.

"गेला. बघ, बघ, गेला. आत्ता होता."

माझ्या हातात केळं तसंच राहिलं. मी खाली वाकून बघितलं, ह्यांचं टक्कल तेवढं दिसत होतं. मग मी हळूच पातळाचं टोक उचललं.

"आला थोडा."

खाली सोडलं.

"परत गेला. कुठेतरी लूज आहे गं हे, नक्की लूज आहे."

मी असं तीनदा केलं. तीनही वेळा माझ्या हाताबरोबर आकडा नाचला. चौथ्यांदा करायची हिंमत झाली नाही. तशीच टपावर बसले. अंगावर ऊन, समोर नारळाच्या झावळ्या आणि मांडीवर सूप. खरं सांगते, एक क्षण असं आलं मनात, की गुपचूप सगळं आवरून टाकावं. केळी खाली न्यावी, आकडा चढेल, बॅटरी भरेल, आणि म्हणावं, बघा, आपोआप बरी झाली. मला कोणी विचारणार नव्हतं. पण ह्यांना काय वाटलं असतं? कधी जाते, कधी येते, हिचा भरवसा नाही. आणि आपल्या हातांचाही नाही. मग ते दुसऱ्या दिवशी घरी फिरलेच असते.

"अहो," मी वरून म्हटलं, "जरा वर येता का?"

"मी? गुडघा..."

"धरते मी. या."

लग्नानंतर इतकं हळू चढताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. डोकं टपाच्या वर आलं. काचेवर पसरलेलं माझं पातळ, त्यावर ओळीने केळी, कोपऱ्यांना दगड. त्यांनी बघितलं. कॅरियरवरची रिकामी चटई बघितली. परत केळी बघितली.

"गुहागरला पण?" त्यांनी विचारलं.

"गुहागरला पण."

"आणि वायरमन यायचा तेव्हा?"

"उचलायची मी. धूळ लागेल म्हणून."

ते शिडीवर तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता ओरडणार. ओरडले नाहीत. खाली उतरले, पेटी उघडली आणि परत बंद केली. मग बागेत एक फेरी मारून आले. तोवर मी सगळी केळी आत घेतली होती आणि चहा ठेवला होता. कप हातात घेऊन म्हणाले, "म्हणजे वायरिंग बरोबर होतं."

"बरोबरच होतं."

"माझी लाईनसुद्धा."

"तुमची पण."

चहा संपवून पहिला फोन त्यांनी भाऊंना लावला. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला बोलावलं. "वहिनी, ते पॅनेल आहे, वाळवणाची खाट नाही. काल रात्रभर मी लाल-काळ्याचा विचार करून झोपलो नाही. माझी बायको म्हणते, ह्यांना काय बाधलं? उद्या पापड घालायचे असतील तर आधी फोन करत जा." मी म्हटलं, भाऊ, तुमच्या वाटणीची सुकेळी बांधून ठेवते. तर म्हणाले, "ती तर पाहिजेच. मिशी वाचली माझी."

मुलाचा फोन खरा अवघड होता. तिथे शब्द दिलेला होता. ह्यांनी सगळं जसं झालं तसं सांगितलं, काही लपवलं नाही, मलाही वाचवलं नाही. मुलगा इतका हसला की ऑफिसातून बाहेर जाऊन बोलावं लागलं त्याला.

"म्हणजे गाडी बिघडलीच नव्हती. आई बिघडली."

"हो."

"पण पप्पा, तीन तर झाल्या ना?"

"करार गाडीचा होता," हे म्हणाले. "गाडी एकदा बंद पडली, बेल्टमुळे. ती मी मान्य केलीय. बाकीच्या दोन आईच्या खात्यात. आईला परत पाठवायचं असेल तर तिला रेल्वेत बसवून देतो, मी पुढे जातो."

"मी नाही जाणार," मी म्हटलं. मला कोणी विचारलं नव्हतं, पण मी म्हटलं. आणि तेव्हाच मला कळलं, की आता तिथपर्यंत जायचं मलाही आहे. कारवारपर्यंत मी ह्यांच्यासाठी आले होते.

मुलगा म्हणाला, "विरारवाल्याला काय सांगू?"

"सांग, दुसरी गाडी बघ."

"आणि दोन अजून शिल्लक आहेत, लक्षात ठेवा हं."

"ठेवतो," हे म्हणाले आणि मीटर बघायला गेले. आकडा एवढा चढला होता की मला हाताला धरून दाखवायला नेलं.

सुकेळ्यांना ह्यांनीच नवीन जागा काढून दिली. गाडी उभी असली की पुढच्या काचेच्या आत, स्टिअरिंगच्या पुढची लांब फळी. दुपारी तिथे भट्टी पेटल्यासारखं ऊन येतं. दोन दिवसांत मधासारखा रंग आला, आणि कावळ्यांची कटकट नाही. सगळी केबिन पिकल्या केळ्याच्या वासाने भरून गेली. पेट्रोल पंपावर लोक डोकावून विचारायचे, काय आहे हे. मी एकेक हातावर ठेवायची.

पुढे काहीच झालं नाही असं नाही. केरळात पाण्याच्या टाकीचा पाईप फुटला आणि आमचा पलंग भिजला. ह्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तो बंद केला, आणि मुलाला फोन करून "दोन" सांगितलं. मी कपाळाला हात लावला. पण आवाजात घाबरल्याचं काही नव्हतं. बेल्टच्या दिवशी होता तसाच आवाज.

कन्याकुमारीला आम्ही दुपारी पोचलो. गाड्या लावायच्या जागेपासून थोडं चाललं की कठडा, आणि कठड्यापुढे पाणी. पाणी सगळीकडे, डावीकडे, उजवीकडे, समोर. मला भरून आलं. बायका फोटो काढत होत्या, फेरीवाले शंखांच्या माळा विकत होते. मी मागे वळून बघितलं, तर हे शेजारी नाहीत. परत गाडीशी गेले. हे बॉनेट उघडून आत वाकलेले, हातात ऑईलची पट्टी.

"अहो, एवढ्या लांब आलो ते हे बघायला?"

"आलो मी. बघितलं. खूप आहे पाणी," ते म्हणाले, पट्टी फडक्याने पुसली आणि परत आत घातली. "पण घरी पण जायचंय ना. आणि एकच शिल्लक आहे."

मग त्यांनी बॉनेट लावलं, हात धुतले आणि माझ्याबरोबर कठड्यापर्यंत आले. तिथे आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो.